वरसईच्या भिक्षुकाने पाहिलेली झाशी

शिक्षणासाठी किंवा उपजीविकेसाठी परमुलखात गेलेला माणूस तेथील शहर कुतूहलाने पाहतो. गावच्या माणसाला जे रोजचे वाटते, तेच परक्याला नवे वाटते व म्हणून ते त्याच्या स्मरणात राहते. अशाच एका परक्या प्रवाशामुळे १८५८ मधील झाशीचे मराठी वर्णन आज आपल्याला उपलब्ध आहे. त्या प्रवाशाचे नाव विष्णुभट गोडसे.

विष्णुभट हे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे राहणारे. घराण्यावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार असून तेथे चांगली दक्षिणा मिळेल, असे त्यांच्या कानी आले. म्हणून १८५७ मध्ये ते चुलते रामभट यांच्यासह घराबाहेर पडले. महूच्या वाटेवर शिपायांची गाठ पडली आणि उठावाची वार्ता समजली. तरीही माघारी न फिरता ते पुढे गेले व यथावकाश झाशीस पोहोचले.

झाशी बुंदेलखंडात असली, तरी तेथे मराठी माणसे पुष्कळ होती. ओर्छ्याचे राजे बीरसिंहदेव यांनी १६१३ मध्ये बांधलेला किल्ला पुढे मराठ्यांकडे आला होता आणि नेवाळकर घराणे तेथे राज्य करीत होते. त्यामुळे विष्णुभटांना परक्या शहरात आपली भाषा व आपले आचार आढळले. राणी लक्ष्मीबाईंच्या दरबारी त्यांना आश्रय मिळाला. त्यांनी महालक्ष्मीचे देऊळ, राजवाडा व ग्रंथालय पाहिले. राणीचा व्यायाम, अश्वारोहण, पूजाअर्चा व कारभार यांचीही त्यांनी नोंद ठेवली.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. पाहुणा म्हणून आलेले विष्णुभट आता शहरवासीयांच्या संकटाचे वाटेकरी झाले. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. त्यानंतरची कत्तल व लूट त्यांनी लपूनछपून राहून अनुभवली. जवळचे द्रव्य गेले. ग्रंथालयाचा झालेला नाश त्या विद्वान ब्राह्मणाला विशेष जिव्हारी लागला.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना तहानलेल्या राणीचे पुन्हा दर्शन घडले. ते पाणी काढून देऊ लागले. परंतु विद्वान ब्राह्मणाला श्रम न देता राणीने स्वतःच पाणी काढले, असे ते सांगतात. इतिहासाच्या ग्रंथात राणीचे शौर्य वाचावयास मिळते. या लहानशा प्रसंगात तिचा स्वभाव दिसतो.

विष्णुभट घरी परतले, ते धन घेऊन नव्हे, तर आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून पुढे त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. राजकीय भीतीमुळे ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. वैद्यांनी ती १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. मूळ मोडी हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये सिद्ध केली.

आज झाशीस जाणाऱ्याला किल्ला, राणीमहाल व लक्ष्मी तलाव पाहता येतात. परंतु वेढ्यापूर्वी तेथे नांदत असलेले शहर पाहावयाचे असेल, तर कर्ज फेडण्यासाठी निघालेल्या या भिक्षुकाचेच बोट धरावे लागते.