मदत आणि भरपाई

आपल्या वस्तीत कुणाला गाडीने उडवले की दोन शब्द हमखास कानांवर येतात. एक 'मदत' आणि दुसरा 'मिटवणे'. 'भरपाई' हा तिसरा शब्द क्वचितच उच्चारला जातो. मदत देणाऱ्याच्या मनावर असते. ती घेणाऱ्याने हात पसरायचा असतो आणि मिळाल्यावर उपकार मानायचे असतात. भरपाई हे देणे असते. ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे शरीर मोडले त्याने ते चुकते करायचे असते, आणि ते मागणाऱ्याला मान खाली घालण्याचे काही कारण नसते. हा फरक समजायला मला स्वतःला फार वर्षे लागली. म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो.

२००४ साली मी नववीत होतो. आई बटाटा काढणीच्या रोजावर निघाली होती. मंचरच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेने चालत असताना भाजीच्या एका पिकअपने तिला धडक दिली. उजवा पाय मांडीत मोडला. चौथ्या दिवशी गाडीमालकाच्या वतीने गावातले एक वजनदार गृहस्थ दवाखान्यात आले. माझ्या वडिलांहून ते वयाने दहा वर्षांनी लहान. तरी ते वडिलांना एकेरी नावाने हाक मारीत आणि वडील त्यांना 'अण्णा' म्हणत. ते म्हणाले, "कोर्टात चपला झिजतील. पोराच्या शिक्षणाचं बघ. पंधरा हजार घे आणि मिटवून टाक." वडील म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा." शंभराच्या स्टँपवर वडिलांची सही आणि आईचा अंगठा झाला. 'रस्ता ओलांडताना माझ्याच चुकीने अपघात झाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही' असा मजकूर होता. आई रस्ता ओलांडत नव्हतीच. पण तो कागद वाचणारे घरात कोणी नव्हते. मी होतो, पण मला कोणी विचारले नाही आणि मीही पुढे झालो नाही. त्यानंतर आईला उकिडवे बसता आले नाही. शेतमजूर बाईला उकिडवे बसता येत नाही याचा अर्थ तिचा रोज बंद झाला, एवढाच होतो.

आता कायदा काय होता ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली जखमी माणसाला, आणि मृत्यू झाला असेल तर त्याच्या वारसांना, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. दावा करण्याची मुदत १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली होती. म्हणजे मी बी. ए. च्या वर्गात राज्यघटना शिकत होतो, तेव्हाही माझ्या आईचा दावा दाखल करता आला असता. हे मला मी प्राध्यापक झाल्यावर कळले. आता ते दार अरुंद झाले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, त्यामुळे उशीर झालेल्याने वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. पण कार्यकर्त्याने सहा महिने हीच मुदत धरून चालावे. ज्यांना कायद्याची माहितीच उशिरा पोहोचते, त्यांच्यासाठी सहा महिने फार थोडे असतात.

याच रस्त्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये, खेड तालुक्यात शिरोलीजवळ, रात्रीच्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात एक मोटार शिरली. मंगल कार्यालयातल्या केटरिंगच्या कामासाठी पुण्याहून आलेल्या त्या बायका होत्या. पाच जणी गेल्या. बाकीच्यांपैकी अनेक जखमी झाल्या. वर्तमानपत्रांनी एक-दोन दिवस बातमी दिली. मला त्या वेळी पडलेला प्रश्न हा, की लग्नात वाढायला जाणाऱ्या बाईच्या हातापायांची किंमत न्यायाधिकरण कशी ठरवीत असेल? तिच्याकडे पगारपत्रक नाही, हजेरीपट नाही, बँकेत जमा होणारा पगार नाही.

किंमत ठरवण्याची रीत अवघड नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने ती पाठ करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा प्रकरणाने वयानुसार 'गुणक' ठरवून दिला. पंचवीस वर्षांपर्यंत १८, छत्तीस ते चाळीसपर्यंत १५, शेहेचाळीस ते पन्नासपर्यंत १३, असा तो उतरत जातो. २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणाने हातावर पोट असणाऱ्याच्या उत्पन्नातही पुढची वाढ धरायला सांगितली. चाळीसच्या आत असेल तर शेकडा ४०, चाळीस ते पन्नास असेल तर शेकडा २५, आणि पुढे साठपर्यंत शेकडा १०. आता अडतीस वर्षांची एक शेतमजूर बाई घेऊ. महिन्याचे उत्पन्न दहा हजार धरले. वर्षाचे झाले १,२०,०००. वाढीचे शेकडा ४० मिळवून १,६८,०००. कमावण्याची ताकद शेकडा ४० गेली असे धरले तर वर्षाचे नुकसान ६७,२००. त्याला १५ ने गुणले की १०,०८,००० रुपये. हे फक्त भविष्यातल्या कमाईचे नुकसान. औषधोपचाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेला रोज, शारीरिक वेदना आणि पुढच्या आयुष्यातली ओढाताण यांची रक्कम वेगळी.

या गणितात दोन जागा अशा आहेत की तिथे गरीब माणूस हमखास नागवला जातो. पहिली जागा उत्पन्नाची. पुरावा नाही म्हणून दहाऐवजी पाच हजार धरले की अख्खी रक्कम निम्मी होते. दुसरी जागा अपंगत्वाची. डॉक्टर दाखल्यावर शेकडा ४० लिहितात, ते शरीराचे मोजमाप असते. कमाईचे मोजमाप वेगळे असते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर कामातून पूर्ण उठतो, तर हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकून राहते. दाखल्यावरचा आकडा दोघांचा एकच, पण नुकसान एक नाही. माझ्या आईचा पाय वाकत नव्हता. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ते चालून गेले असते. बटाटे वेचणारीला ते चालले नाही. वरच्या उदाहरणात त्या बाईचे कमाईचे नुकसान शेकडा ४० ऐवजी ८० आहे हे सिद्ध झाले, तर रक्कम २०,१६,००० होते. म्हणून 'ही बाई नेमके काय काम करीत होती, ते कसे करावे लागते, आणि आता तिला काय करता येत नाही' हे साक्षीत सविस्तर आले पाहिजे. ते वकिलाला माहीत नसते. ते आपल्याला माहीत असते.

उत्पन्नाच्या पुराव्याबाबतही न्यायालयांनी वाट काढून दिलेली आहे. सय्यद सादिक प्रकरणात (२०१४) पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याचे महिन्याला साडेसहा हजार उत्पन्न सर्वोच्च न्यायालयाने कागदाशिवाय मान्य केले आणि कमाईचे नुकसान शेकडा ८५ धरले. भाजीवाल्याकडे पावत्या कुठून असणार, ही साधी गोष्ट न्यायालयाने ध्यानात घेतली. मंचरच्या बाजारात रोज शेकडो माणसे अशीच कागदाविना कमावतात. घरकाम करणाऱ्या गृहिणीचेही तसेच. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीसंबंधी लता वाधवा प्रकरणात (२००१) गृहिणीच्या सेवेचे मोल महिना तीन हजार धरले गेले, आणि २०२१ च्या कीर्ती प्रकरणात तिच्या श्रमाला उत्पन्न मानून त्यात भविष्यातली वाढही धरावी असे सांगितले गेले.

तरीही या रीतीच्या मुळाशी असलेली विसंगती नजरेआड करू नये. भरपाई उत्पन्नावर ठरते आणि उत्पन्न या समाजात जातीने ठरत आले आहे. ज्याच्या आजाला जमीन नव्हती, बापाला शाळा नव्हती, त्याचा रोज कमी. रोज कमी म्हणून त्याच्या पायाची किंमत कमी. एकाच गाडीखाली सापडलेल्या दोन माणसांच्या हाडांचा भाव असा पिढ्यांपूर्वीच ठरलेला असतो. घटनेने 'एक माणूस, एक मूल्य' हे ध्येय समोर ठेवले, पण ते अजून गुणकाच्या कोष्टकात शिरलेले नाही. कायदा आपण वापरायचा आहे, त्याची पूजा करायची नाही, ती या कारणासाठी.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी. पहिली गोष्ट उपचाराची. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. ते मागावे लागतात. दुसरी गोष्ट पोलिसांची. फिर्याद त्याच दिवशी द्यावी आणि लिहिलेली वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. गाडीचा क्रमांक, विम्याचा तपशील, जागेचा पंचनामा आणि साक्षीदारांची नावे, यांवर पुढचा सारा दावा उभा राहतो. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही हे विचारण्याचा जखमीला अधिकार आहे. तिसरी गोष्ट कागदांची. केसपेपर, औषधांची बिले, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाचा दाखला एका पिशवीत ठेवावेत. आमच्याकडे एक्स-रे होता. घर शाकारताना तो कुठे गेला ते कळले नाही.

दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. दावेदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. शिरोलीच्या बायकांसारख्या पोटासाठी दूर जाणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या वकिलाला स्पष्ट नकार द्यावा. तसा करार करणे वकिलांच्या आचारसंहितेलाच मान्य नाही.

चूक कुणाची हे सिद्ध करणे शक्य नसेल तर कलम १६४ आहे. तिथे चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. घाईने सही करण्यापूर्वी हे माहीत हवे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना मृत्यूसाठी दोन लाख आणि जबर दुखापतीसाठी पन्नास हजार, अशी तरतूद आहे. तो अर्ज महसुली चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात जातो.

एक धोका आपल्या भागात विशेष आहे. कांदा-बटाट्याच्या हंगामात मजुरांना मालवाहू पिकअपमध्ये उभे करून नेतात. अशा गाडीत फुकट प्रवासी म्हणून बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनी घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात कंपन्यांच्या बाजूने तसा निर्णय दिला. मालकाची जबाबदारी उरते, पण मालकाकडून वसूल करणे किती कठीण ते आपण जाणतो. एरवी पैसे मालकाच्या खिशातून न जाता विमा कंपनीकडून यायचे असतात. तरी मालक मिटवण्याची घाई करतो, तेव्हा बहुतेक वेळा गाडीचा विमा संपलेला असतो किंवा ड्रायव्हरकडे लायसन नसते. 'गरिबाची गाडी विकायला लावू नका' या विनवणीला भुलण्यापूर्वी विम्याचा कागद पाहावा. आणि मिटवल्याचा स्टँप एकदा झाला तरी दावा आपोआप मरत नाही. पण तो कागद पुढे आपल्याच विरुद्ध वाचला जातो.

रस्त्यावरचा अपघात हे एक उदाहरण झाले. कामावर झालेल्या दुखापतीसाठी १९२३ पासून कामगार भरपाईचा कायदा होता, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या रूपात लागू आहे. गटारात उतरवून मारल्या गेलेल्या आपल्या माणसांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवले होते, ते २०२३ च्या बलराम सिंह प्रकरणात तीस लाख केले. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. यांतली कोणतीही रक्कम कुणाच्या दयेतून आलेली नाही. कुणीतरी न्यायालयात उभे राहून ती मागितली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. मजुराच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी दानधर्माच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात आणला. तो वारसा आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. दवाखान्याच्या कॉटपाशी तो आठवत नाही.

दवाखान्यात चौथ्या दिवशी 'अण्णा' येतो. आपला कार्यकर्ता पहिल्या दिवशी पोहोचला पाहिजे. त्याच्या झोळीत कोरा कागद आणि पेन असावे. फिर्याद वाचून दाखवायला, बिले जपायला आणि सहा महिन्यांची तारीख भिंतीवर लिहून ठेवायला फार विद्वत्ता लागत नाही. दहावी झालेली मुलगीही हे काम करू शकते. माझ्या वर्गात अशा मुली आहेत. गेल्या वर्षी त्यांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवले. तास संपल्यावर एक जण थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्या वडिलांचं पाच महिन्यांपूर्वी झालंय." आम्ही त्याच दिवशी कागद गोळा करायला बसलो.