कन्सोल नक्की कोण खेळतं? 'सरासरी वय ३६' या आकड्यात काय लपलंय

कन्सोलचा विषय निघाला की दोन गट पडतात. एकाचं म्हणणं, प्लेस्टेशन काय नि निन्टेन्डो काय, शाळकरी पोरांची खेळणी. दुसरा लगेच फोन पुढे करतो: "गेमरचं सरासरी वय ३६ आहे, वाच!" मी तसा दुसऱ्या गटातला. पण हा आकडा असा तोंडावर फेकला की मला वैताग येतो, कारण तो कन्सोलचा नाहीच.

अमेरिकेतल्या गेम कंपन्यांची एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन नावाची संघटना आहे. तिच्या २०२४ च्या अहवालातलं हे ३६. त्यात ५ ते ९० वयाचा, आठवड्याला निदान एक तास गेम खेळणारा प्रत्येक जण मोजलाय, डिव्हाइस कोणतंही असो. म्हणजे एक्सबॉक्सवर रात्र काढणारा कॉलेजचा पोरगा आणि फोनवर कँडी क्रश खेळणारी आजी एकाच यादीत! त्यात सगळ्यात जास्त लोक खेळतात ते फोनवरच.

शिवाय सरासरी हा प्रकारच फसवा. समजा एका घरात सहा जण खेळतात: वयं ९, ११, १३, ४५, ४७ आणि ४९. सरासरी येते २९. आता त्या घरात २९ च्या जवळपासचं कुणी आहे का? म्हणून नुसती सरासरी बघू नका, कोणत्या वयाचे किती जण आहेत ते बघा.

मग 'पोरांचं खेळणं' हा शिक्का आला कुठून? १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. दुकानदार गेमचं नाव काढलं तरी नको म्हणायचे. १९८५ मध्ये निन्टेन्डोने तिथे कन्सोल आणला तो सोबत प्लास्टिकचा रोबोट देऊन, खेळण्याच्या थाटात. गंमत म्हणजे जपानमध्ये याच मशीनचं नाव होतं 'फॅमिली कॉम्प्युटर'. (आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आठवतात? त्यातले बरेचसे याच मशीनच्या नकला.)

पुढे प्रत्येक कंपनीने आपलं गिऱ्हाईक मुद्दाम निवडलं. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' घरच्या कन्सोलवर आला, तेव्हा निन्टेन्डोने रक्ताऐवजी राखाडी घाम दाखवला. सेगावर मात्र एक कोड टाकला की रक्त चालू. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये या हिंसेवर सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये गेमच्या डब्यांवर वयाचं रेटिंग आलं. १९९५ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनसोबत युरोपात 'वाइपआउट' आला. त्यातलं क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत दहा वर्षांच्या मुलासाठी नव्हतंच. आणि २००६ च्या 'वी'ने तर वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना बोलिंग खेळायला लावलं. तो कन्सोल १० कोटींच्या वर विकला गेला.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. १९८५ ला दहा वर्षांचा असलेला पोरगा २०२५ मध्ये पन्नाशीचा झाला. त्यातल्या बऱ्याच जणांनी कंट्रोलर खाली ठेवलाच नाही, आणि मागून दहा वर्षांची नवी पोरं येतच राहिली. त्यामुळे कन्सोलचा प्रेक्षक नुसता म्हातारा झालेला नाही, तो दोन्ही बाजूंनी ताणला गेलाय.

मोजायचं कसं हीसुद्धा भानगडच. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ भारतात ४९,९९० रुपयांना आला. पावती बाबांच्या नावावर, कार्ड बाबांचं, बहुतेकदा प्रोफाइलही बाबांचंच. खेळणार चौदा वर्षांची मुलगी, पण कंपनीच्या हिशोबात मोजला जाणार ४४ वर्षांचा पुरुष. शिवाय स्वतःचं अकाउंट उघडताना किती मुलं खरं जन्मसाल टाकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आकडा चुकला तर चुकला, त्याचं मला एवढं नाही. पण लहान मुलाच्या अकाउंटवर आईवडील खर्चाची मर्यादा ठरवू शकतात, अनोळखी लोकांचे मेसेज बंद करू शकतात, वयाबाहेरचे गेम अडवू शकतात. जन्मसाल १९९० टाकलं की सिस्टीमच्या लेखी तो मुलगा मोठा माणूस, मग यातलं काहीच लागू होत नाही. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ खालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती बंधनकारक केलीये. पण वयच खोटं असेल तर संमती कुणाची मागणार?

उलटं नुकसान त्या जुन्या शिक्क्याचं. 'गेम आहे ना, पोरांचाच असणार' म्हणून काका अकरा वर्षांच्या पुतण्याला वाढदिवसाला 'जीटीए ५' देतात. अमेरिकेत त्याच्या डब्यावर १७+ छापलंय, युरोपात १८.

तुमच्या घरी धाकटा भाऊ किंवा बहीण कन्सोलवर खेळत असेल, तर ते कुणाच्या प्रोफाइलवरून आणि कोणत्या जन्मसालाने खेळतायत ते आज बघा. पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये 'फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स' हा भाग आहे. स्विचसाठी निन्टेन्डोचं फोनवरचं वेगळं मोफत अ‍ॅप आहे. रोज किती वेळ खेळ झाला तेही त्यात दिसतं.