गोळी आठ दिवसांत का लागू पडत नाही?

गटाच्या बैठकीत आम्हाला हे नेहमी ऐकू येतं : "डॉक्टरांनी उदासपणावर गोळी दिली. आठ दिवस घेतली. फरक काही नाही, नुसतं मळमळतंय. दिली सोडून." त्या आठ दिवसांत मेंदूत काय चाललेलं असतं, ते आज बघू.

मान संपते तिथे, वरच्या बाजूला मेंदूचा देठ असतो. श्वास, झोप, ओकारी यांचा कारभार तिथून चालतो. त्याच्या मधोमध पेशींची एक रांग आहे. तिचं नाव राफे, म्हणजे शिवण. सेरोटोनिन नावाचं रसायन या पेशी बनवतात आणि मेंदूभर पोचवतात. ते जिथे बसतं त्या जागेला ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसं. ही कुलपं डझनाहून अधिक प्रकारची आहेत.

गंमत म्हणजे राफेच्या पेशींवरही एक ग्राही असतो, '१-ए'. टाकी भरली की बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं ना, तसं त्याचं काम. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम या गोळ्यांनी सेरोटोनिन पेशींबाहेर साठतं. साठलं की हा बॉल वर येतो आणि पेशी काम कमी करतात. गोळीने दिलं, बॉलने अडवलं! दोन-तीन आठवड्यांत हा ग्राही सैल पडतो, मग पेशी पुन्हा जोमाने चालतात. उशीर होण्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं. एकमेव नाही, उदासपणाही केवळ सेरोटोनिन कमी पडल्याने येतो, इतकं ते सोपं नाही.

मळमळीचा ग्राही वेगळा, '३' क्रमांकाचा. तो आतड्यात आहे आणि देठातल्या ओकारीच्या जागीही. म्हणून त्रास आधी, आराम मागाहून. गोळी जेवणानंतर घ्या. बहुतेकींची मळमळ आठ-पंधरा दिवसांत ओसरते.

"सवय लागेल," असं घरचे म्हणतात. या गोळ्यांची दारूसारखी नशा लागत नाही. मात्र एकदम सोडल्या तर चक्कर येते, झोप उडते. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.

सुरुवातीच्या दिवसांत जीव फार घाबरा झाला, किंवा जगू नये असं वाटलं, तर आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी घरात सांगा, दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.