जुन्या लेन्स, मोठा सेन्सर

गावोगावच्या फोटो स्टुडिओत एकेकाळी वन-ट्वेंटीच्या रोलचं राज्य होतं. याशिका कॅमेऱ्यात रोल भरायचा, सहा बाय सहा सेंटीमीटरच्या बारा निगेटिव्ह निघायच्या. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोलही अनेकांनी वापरला. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर चेहऱ्याचा पोत जसा उतरायचा, तसा पस्तीस एमएमवर कधी उतरला नाही. अडचण एकच होती, उजेडाची. दिवस मावळला की फ्लॅशशिवाय गत्यंतर नसे.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी ही अडचण फार जाणवते. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला, आणि त्याची खरी शोभा रात्रीची. फ्लॅश मारला की रोषणाई मरते, चेहरे पांढरेफटक पडतात.

डिजिटल मीडियम फॉरमॅट, म्हणजे पस्तीस एमएमहून मोठा सेन्सर, आला तेव्हाही हे दुखणं कायम होतं. 2010 च्या पेंटॅक्स 645डी ची संवेदनशीलता आयएसओ 1600 वर संपायची. 2014 मध्ये सोनीचा 50 मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर आला आणि चित्र पालटलं. त्याच सेन्सरवरचा पेंटॅक्स 645झेड थेट 2,04,800 पर्यंत गेला. टोकाचा आकडा जाहिरातीचा असतो, पण 3200 आणि 6400 वर स्वच्छ फोटो मिळू लागले, हे खरं महत्त्वाचं. 2017 मध्ये फुजीफिल्मचा जीएफएक्स 50एस आला. त्यात आरसा नाही, आणि जुन्या लेन्सचं दार उघडलं ते इथे.

आरसा नसल्यामुळे या कॅमेऱ्यात लेन्स बसते त्या माउंटपासून सेन्सरपर्यंत फक्त 26.7 मिलिमीटर अंतर आहे. निकॉनच्या जुन्या लेन्सना 46.5 लागतं. मधल्या 19.8 मिलिमीटरची पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडाप्टर. साध्या अ‍ॅडाप्टरमध्ये काचही नसते, विजेचा संपर्कही नसतो. चांगल्या लेथवर अशी नळी निघू शकते, आणि लोहाऱ्याला तर औद्योगिक वसाहतच आहे. मात्र माप काटेकोर हवं. नळी किंचित लांब झाली तर दूरचं काहीच फोकस होत नाही. किंचित आखूड असली तर चालते, लेन्सवरच्या खुणेच्या थोडं अलीकडेच अनंत सापडतं. शटर कॅमेऱ्यातच असल्यामुळे लेन्समध्ये शटर नसलं तरी चालतं. हॅसलब्लाडच्या एक्स1डी मध्ये शटर लेन्सच्या आत असतं, म्हणून परकी लेन्स लावली की इलेक्ट्रॉनिक शटरवरच भागवावं लागतं.

मग जुन्या लेन्सचं चित्र एवढा मोठा सेन्सर व्यापेल का? पस्तीस एमएमच्या चौकटीचा कर्ण 43 मिलिमीटर, या सेन्सरचा सुमारे 55. त्यामुळे पस्तीस एमएमसाठी बनलेल्या वाइड लेन्स बहुधा कोपरे काळे करतात. 85 किंवा 100 मिलिमीटरच्या बऱ्याच लेन्स मात्र निभावून नेतात. कडा थोड्या अंधारतात, आणि माणसाच्या फोटोला ते मला शोभूनच दिसतं.

खरा फायदा उजेडाच्या हिशेबात आहे. एफ/4 च्या लेन्सला आयएसओ 12,800 लागत असेल, तिथे एफ/1.4 ची जुनी 85 मिलिमीटर लेन्स 1600 वर तेवढाच उजळ फोटो त्याच शटरला देते. उजेड आठपट. शिवाय या सेन्सरचं क्षेत्रफळ पस्तीस एमएमच्या चौकटीच्या जवळजवळ पावणेदोनपट असल्याने फोटोतला दाणाही बारीक राहतो. पूर्ण उघडी लेन्स आणि चढा आयएसओ एकत्र आले की मांडवातला खरा उजेड तसाच फोटोत उतरतो. थोडा दाणा पडलेला असा फोटो मला फ्लॅशच्या गुळगुळीत फोटोपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

कष्ट आहेतच. फोकस हातानेच, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून डोळ्यांच्या बाहुल्या शोधायच्या, कारण एफ/1.4 वर नाक आणि डोळा एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक शटर एलईडीच्या माळांसमोर वापरू नये. 50 हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि फोटोत पट्टे उमटतात. यांत्रिक शटर एकपन्नासांश किंवा एकशतांश सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा निभतं.

आणखी एक लेन्स सांगायलाच हवी, डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मोठे फोटो छापणाऱ्या एनलार्जरची. वन-ट्वेंटीच्या निगेटिव्हसाठी 75 किंवा 80 मिलिमीटरची लेन्स लागे. 80 मिलिमीटर एफ/5.6 ची एल-निक्कोर घ्या. सहा बाय सहाची निगेटिव्ह सांभाळणारी ही लेन्स या सेन्सरला कोपऱ्यांपर्यंत सहज पुरते. तिला फोकसची कडी नसते, म्हणून मध्ये बेलोज, म्हणजे लांब-आखूड होणारा घड्यांचा भाता, हवा. रात्रीसाठी ती उपयोगाची नाही, पण जवळच्या अंतरासाठीच घडवलेली असल्यामुळे कापसाच्या बोंडाचा धागान् धागा ती दाखवते.

डार्करूम बंद झालेल्या स्टुडिओवाल्यांना म्हणूनच विनंती आहे: एनलार्जर भंगारात देण्याआधी त्याची लेन्स फिरवून काढून घ्या. बुरशी लागली आहे का ते टॉर्चच्या उजेडात बघा, सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि गावातल्या फोटो काढणाऱ्या एखाद्या पोराच्या किंवा पोरीच्या हाती द्या.