घराला कोणती टोपी घालाल?

बालमित्रांनो, मे महिन्यात बाहेर निघताना आई डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून देते की नाही? आमच्या देवळीला, म्हणजे वर्धा जिल्ह्यात, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपट्ट्याशिवाय बाहेर पडायची सोय नाही. पण घराचं काय? ते बिचारं दिवसभर उन्हातच उभं! छप्पर ही त्याची टोपी. ती नीट नसेल तर आतल्या माणसांचे हाल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमचे बाबा कवेलू काढून टिना टाकून राह्यले. आजी म्हणते, मी टिनेखाली भाजून निघीन. कोणाचं खरं?"

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बाबा म्हणाले, "सर, दरसाल पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस भेटत नाही. वरून वांदरं येतात, एका उडीत दहा कवेलू फोडतात. मग घरभर गळती. करू तरी काय?"

त्यांचंही खरंच होतं. म्हणून आम्ही सगळे मिळून विचार करायला बसलो.

कवेलू म्हणजे भाजलेली माती. तिच्यातून उष्णता सावकाश आत येते. शिवाय कवेलूंच्या दोन थरांमध्ये हवा असते आणि फटींतून घरातली गरम हवा वर निघून जाते. सेवाग्रामची बापूकुटी तुम्ही पाहिली असेल. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू, सगळं इथलंच सामान. भर दुपारी आत जाऊन बसा, फरक कळेल.

टिन मात्र अगदी पातळ. नवी टिन चकचकीत असते, थोडं ऊन परतवतेही. पण जी उष्णता तिच्यात शिरते, ती वरच्या आकाशाकडे लवकर सोडत नाही. ती तापते आणि खालच्या माणसांना शेकते. रात्री मात्र लवकर निवते. स्लॅबचं उलट. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपण झोपलो की ते खाली सोडत बसतो. म्हणून तर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात!

मग उपाय? तीन शब्द पाठ करा : परतवा, अडवा, सोडा.

परतवा : छपराला वरून पांढरा रंग द्या. पांढरा रंग बरंचसं ऊन माघारी पाठवतो आणि तापलेलं छप्पर निवायलाही मदत करतो. स्लॅबला चुना चालतो. टिनेवर चुना टिकत नाही, तिला बाहेरून लावायचा पांढरा रंगच हवा. अहमदाबाद शहरात २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या छपरांना असाच पांढरा रंग देण्याचं काम सुरू झालं.

अडवा : टिनेच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. मधली कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडवते. तट्ट्या मात्र चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर हव्यात.

सोडा : भिंतीत उंचावर समोरासमोर झरोके ठेवा. गरम हवा वर चढते, तिला दार नको का?

आता हा प्रयोग करून पाहा. चपलांचे तीन सारखे खोके घ्या. एकावर साधा टिनेचा तुकडा ठेवा, दुसऱ्यावर पांढरा रंगवलेला. तिसऱ्यावर साधाच ठेवा, पण त्याच्या खाली दोन बोटं अंतर सोडून जाड पुठ्ठा बसवा. टिनेची कड बोट कापते, म्हणून ते काम मोठ्यांकडून करून घ्या. तिन्ही खोके दुपारी तासभर उन्हात ठेवून आतलं तापमान मोजा. शाळेतला तापमापक घ्या हं, तापाचा नको! तो ४२ अंशांपर्यंतच असतो, आपल्याकडे तर सावलीतच पारा त्याच्या पुढे जातो.

हाच प्रयोग त्या मुलीने अंगणात केला. साध्या टिनेचा खोका सर्वांत गरम निघाला. बाबांनी स्वतः आकडे पाहिले. घरावर टिनाच आल्या, कारण वांदरांपुढे इलाज नव्हता. पण त्या पांढऱ्या रंगवून आल्या, खाली तट्ट्या लागल्या आणि दोन झरोके निघाले. थोडा खर्च वाढला खरा.

गेल्या मे महिन्यात मी सहज डोकावलो. शेजारच्या टिनेच्या घरातली माणसं कडुनिंबाखाली खाटा टाकून बसली होती. हिची आजी मात्र घरातच पडली होती. कूलर होता, पण बंद! मला म्हणाली, "लाइन गेली हो सर. पण बसवते आतमध्ये."

पालकहो, घर बांधताना फरशीचा रंग आपण दहा दुकानं फिरून निवडतो. यंदा छपराचाही विचार थोडा आधी करू या. आणि मुलांनो, तुमच्या खोक्यांचे आकडे वहीत लिहून आईबाबांना दाखवणार ना?