कसा वाटला? मिळेल का?

सिनेमा सुटला की पुण्यात दोन प्रश्न हमखास येतात. "कसा वाटला?" आणि "याला काही मिळेल का?" विचारणारा दोन्ही एका दमात विचारतो आणि उत्तर देणाराही एकाच वाक्यात दोन्हींचा निकाल लावून मोकळा होतो: "झकास आहे, नॅशनल नक्की." इथेच गफलत होते. पहिला प्रश्न सिनेमाचा आहे, दुसरा परीक्षकांचा. पहिल्याचं उत्तर द्यायला तिकीट काढून जागेपणी सिनेमा बघितला की पुरतं. दुसऱ्याचं द्यायचं तर नियम, तारखा, परीक्षक मंडळाची रचना आणि निर्मात्याचा खिसा, एवढं सगळं ठाऊक लागतं.

मी तार खात्यातून निवृत्त झालो. काउंटरवर बसून लोकांच्या मजकुरातले शब्द मोजायचे, त्यातले फालतू कोणते ते हळूच दाखवून द्यायचे, हे माझं काम. बारशापासून मयतापर्यंत कुठलीही बातमी आठ-दहा शब्दांत बसते, हे तिथे कळलं. 14 जुलै 2013 हा तारसेवेचा शेवटचा दिवस. सेवा गेली, माझी सवय राहिली. सिनेमा पाहून आलो की एका वहीत दोन रकाने भरतो. डावीकडे 'कसा वाटला', दोन-तीन ओळींच्या आत. उजवीकडे 'मिळेल का', आणि त्याचं कारण. सकाळी तळजाईवरून उतरल्यावर अमृततुल्यात आमचा जो घोळका जमतो, तिथे ही वही वाचली जाते आणि तिच्यावरून यथेच्छ भांडणं होतात.

डावा रकाना

पुणेकराच्या तोंडचे सिनेमाचे शेरे ठरलेले आहेत. 'बरा आहे' ही आमच्याकडची सर्वोच्च पदवी. 'एकदा बघायला हरकत नाही' म्हणजे पास. 'फोटोग्राफी छान आहे' म्हणजे बाकी काही नाही. ऐकायला मजा येते, पण या शेऱ्यांतून पुढच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. त्याला एवढंच ठरवायचं असतं की आज संध्याकाळी जावं की नाही. त्यासाठी विशेषण कामाचं नाही. सिनेमात दिसलेली एखादी ठोस गोष्ट सांगावी लागते. माझ्या वहीतली काही टिपणं देतो.

'स्थळ': मुलगी तीच, प्रश्न तेच, समोर बसलेली माणसं तेवढी बदलतात. आधी हसू येतं, मग आपणही कुणाच्या तरी घरी असेच बसलो होतो ते आठवतं.

'साबर बोंडं': वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात दोन पुरुषांचं प्रेम. कोणी आरडाओरडा करत नाही, कॅमेराही घाई करत नाही. तुम्ही घाईत असाल तर जाऊ नका.

'कोर्ट': कोर्टातला कंटाळा जसाच्या तसा दाखवलाय, म्हणूनच राग चढत जातो. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, ते बघा.

प्रत्येक टिपणात मी तीन गोष्टी सांभाळतो. डोळ्यांनी दिसलेलं काहीतरी एक सांगायचं. हा सिनेमा कोणाला मानवेल, कोणाला नाही, ते सुचवायचं. शेवट फोडायचा नाही. 'साबर बोंडं'ला घाईतल्या माणसाने जाऊ नये, हा सिनेमाचा दोष नव्हे. तो प्रेक्षकाला दिलेला पत्ता आहे. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांना संथ सिनेमा सोसत नाही. माझं टिपण ऐकून ते गेले नाहीत. त्यांचे पैसे वाचले आणि सिनेमाला एक जांभई कमी मिळाली. त्यांच्या सौभाग्यवती मात्र त्याच टिपणावरून गेल्या आणि खूश होऊन आल्या. एकाच शेऱ्याने दोघांचं काम झालं.

ही टिपणं काढण्याची रीत पुण्यात जुनी आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. अंधारात वही घेऊन बसलेले नायरसाहेब अनेकांनी पाहिले आहेत. जवळच फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे 1933 मध्ये कोल्हापुराहून पुण्यात आलेल्या 'प्रभात'चा जुना स्टुडिओ. 'आशय'सारखे फिल्म क्लब आणि जानेवारीतला पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे 'पिफ' हेही आहेतच. 'पिफ'च्या रांगेत कॉलेजची मुलं आणि पेन्शनर शेजारी-शेजारी उभे असतात. एक खेळ सुटून दुसरा सुरू होईपर्यंत वेळ थोडा, म्हणून मतं आपोआप आखूड होतात. "तो इराणी बघितलात?" "मुलीसाठी बघा. शेवट लांबवलाय." संपलं. चांगली तार याहून काय वेगळी असते?

उजवा रकाना: नियम वाचा

आता 'मिळेल का'. इथे आवड बाजूला ठेवून आधी विचारायचं, काय मिळेल? पुरस्काराचं दार प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

राष्ट्रीय पुरस्काराचं दार सेन्सॉरच्या प्रमाणपत्राने उघडतं. त्या कॅलेंडर वर्षात प्रमाणपत्र मिळालेला सिनेमा निर्मात्याने स्वतः पाठवावा लागतो. आधी विभागवार परीक्षक बघतात, मराठी सिनेमे पश्चिम विभागात येतात, आणि तिथून निवडलेले केंद्रीय मंडळापुढे जातात. सिनेमा थिएटरात लागला होता का, किती चालला, हा प्रश्नच नसतो. आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला 2016 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं तेव्हा तो अजून थिएटरात लागायचा होता. कट्ट्यावर सगळे म्हणाले, "हा कधी येऊन गेला?" तो आलाच नव्हता.

निकालाला वेळही भरपूर लागतो. 2023 च्या सिनेमांचे 71 वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले 1 ऑगस्ट 2025 रोजी. त्यात 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, 'नाळ 2' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, आणि 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मराठीच्या वाट्याला एवढं येऊनही आमच्या घोळक्यात निम्म्यांना हे सिनेमे आठवायला कपाळावर बोट ठेवावं लागलं.

ऑस्करचं दार आणखी अरुंद. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात एका देशाचा एकच सिनेमा जातो. भारताचा सिनेमा फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती ठरवते. सगळ्या देशांच्या सिनेमांतून आधी 15 निवडतात, त्यातून 5 नामांकनं, त्यातून एक विजेता. आजवर भारताचे तीनच सिनेमे नामांकनापर्यंत गेले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. जिंकलं कोणीच नाही. 'नाटू नाटू' या गाण्याला 2023 मध्ये ऑस्कर मिळालं ते दुसऱ्या दाराने. त्या वर्षी भारताने पाठवलेला सिनेमा 'आरआरआर' नव्हताच, तो होता गुजराती 'छेल्लो शो'.

मराठीतून तीन सिनेमे या दारापर्यंत गेले. 2004 मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास', 2009 मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 2015 मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. 'श्वास'ची गोष्ट ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल. जुन्या 'श्यामची आई'नंतर जवळपास पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं होतं आणि आता अमेरिकेत प्रचार करायचा होता. मतदारांसाठी खेळ लावायचे, तिकडच्या सिनेमाच्या वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या, प्रसिद्धी सांभाळणारी माणसं नेमायची. हा खर्च छोट्या मराठी निर्मात्याला झेपणारा नव्हता. मग लोकांनी वर्गणी काढली. नामांकन काही मिळालं नाही. सिनेमा कमी पडला असं तेव्हाही कोणी म्हणालं नाही आणि आजही म्हणू नये. तो किती मतदारांच्या डोळ्यांपुढे गेला, हा खरा प्रश्न होता.

म्हणून उजव्या रकान्यात 'सिनेमा चांगला आहे' हे कारण मी कधी लिहीत नाही. ते डावीकडचं आहे.

छाया कदम दोन्ही बाजूंना

दोन रकान्यांची सरमिसळ झाली की काय होतं, ते 2024 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा, मुंबईतून निघून रत्नागिरीच्या किनाऱ्याला पोचणारा हा सिनेमा. भारताने मात्र ऑस्करला पाठवला किरण राव यांचा 'लापता लेडीज'. निवड समितीला पायल यांचा सिनेमा भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला, अशा अर्थाचं फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं आणि वादाला तोंड फुटलं.

आमच्या अमृततुल्यातही दोन तट पडले. माझ्या डाव्या रकान्यात दोन्ही सिनेमांना जागा होती. 'लापता लेडीज': घुंगटामुळे नवरी बदलते आणि त्याच घुंगटाआडून दोघी स्वतःला सापडतात. घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. 'ऑल वी इमॅजिन': मुंबईचा पाऊस आणि भाड्याच्या खोलीतला एकटेपणा. कोकणात पोचल्यावर श्वास मोकळा होतो. गंमत अशी की स्टेशनवर टपरी चालवणारी मंजूमाई आणि मुंबईतलं राहतं घर गमावलेली पार्वती, दोन्ही आमच्या छाया कदमच. भांडण ऐन रंगात आलं की सरांच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "कोणीही जिंको, छाया जिंकलीच आहे."

उजवा रकाना मात्र वेगळं सांगत होता. समितीपुढचा प्रश्न 'चांगला कोणता' हा नव्हता, 'अमेरिकेतल्या मतदारापुढे चालेल कोणता' हा होता. कानच्या बक्षिसामुळे एका सिनेमाची ओळख तिकडे आधीच झाली होती, दुसऱ्याची पहिल्यापासून करून द्यायची होती. डिसेंबरमध्ये 15 सिनेमांची यादी आली, तीत 'लापता लेडीज' नव्हता. उत्तर भारतात घडणारा हिंदी 'संतोष' होता, पण तो ब्रिटनने पाठवलेला. आणि 'ऑल वी इमॅजिन'चा विचार फ्रान्सनेही स्वतःची प्रवेशिका म्हणून केला होता, कारण त्यात फ्रान्सचा पैसा होता. सिनेमाची भाषा एक, पासपोर्ट दुसरा. हे नियम माहीत नसतील तर 'मिळेल का' या प्रश्नावर बोलणं म्हणजे वेळापत्रक न बघता गाडीची वाट बघणं.

व्हेनिसची पावती

अंदाज बांधणाऱ्यांनी पुण्याचाच एक दाखला डोळ्यांपुढे ठेवावा. 'प्रभात'च्या विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' काढला. तो डिसेंबर 1936 मध्ये लागला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात एक वर्षाहून जास्त चालला. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि संसाराच्या काळजीने कावलेल्या जिजाईच्या भूमिकेत गौरी. 1937 मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. देहूची भाषा न कळणाऱ्या परीक्षकांना त्यात काय दिसलं असेल? माझ्या मते जिजाई दिसली असेल. विठोबावर वैतागलेली बायको कोणत्याही देशात ओळखू येते.

त्या गौरवाचं मानपत्रच पुढे हरवलं. ते केरळातल्या एका छायालेखकाच्या हाती लागलं आणि 2004 मध्ये पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात परत आलं. कागद इतकी वर्षं गहाळ होता, तेवढ्याने सिनेमाचं काही अडलं नाही. आज 'पिफ'मध्ये सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमाला मिळणारा पुरस्कार 'संत तुकाराम' याच नावाचा आहे. ज्या सिनेमाला बक्षीस मिळालं तोच पुढे बक्षीस झाला.

व्हेनिसने पुढे 'कोर्ट'ला 2014 मध्ये आणि ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'ला 2020 मध्ये गौरवलं. 'साबर बोंडं'ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. रोहन परशुराम कनवडे यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. महोत्सवात परीक्षक मोजकेच असतात आणि ते प्रत्येक सिनेमा बसून पूर्ण बघतात. म्हणून छोट्या मराठी सिनेमाची खरी आशा तिथे असते, हे माझ्या उजव्या रकान्यातलं एकमेव ठाम विधान.

आधी कोणता?

आमचे सर विचारतात, मग उजवा रकाना हवा कशाला? मजेसाठी. क्रिकेटचा अंदाज बांधतो तसाच हाही बांधावा. चुकला तरी कोणाचं काही जात नाही.

डाव्या रकान्याचं तसं नाही. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये दिवसाचे एक-दोन खेळ मिळतात, तेही बऱ्याचदा सकाळी किंवा भर दुपारी. शुक्रवार, शनिवार, रविवार खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारपासून तेवढेही जातात. सनडान्सचं किंवा टोरोंटोचं पारितोषिक पोस्टरवर छापून खुर्ची भरत नाही. ती भरते शेजारच्या माणसाने सांगितल्यावर: अमुक गोष्ट आहे, तुम्हाला आवडेल, जा.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर शुक्रवारी रात्रीच द्या आणि मोजक्या शब्दांत द्या. दुसऱ्याची घाई नाही. राष्ट्रीय पुरस्काराचा निकाल यायला दीड-दोन वर्षं असतात, तोवर अमृततुल्यात भांडायला भरपूर वेळ आहे.