तिची पायपीट, माझी बैठक

दोन मैत्रिणींचं जमतं म्हणजे नेमकं काय जमतं? भाजी एकीला गोडसर लागते, दुसरीला झणझणीत. एक साडी घ्यायला चार दुकानं पालथी घालते, दुसरी पहिल्याच दुकानात पिशवी भरून बाहेर पडते. तरी वर्षानुवर्षं त्यांचं छान चालतं, कारण भेट दोन तासांची असते. हळदीकुंकू झालं की ज्या त्या आपापल्या घरी. प्रवासात मात्र आठ दिवस एक खोली, एक न्हाणीघर, एक गाडी. आणि तोही परदेशचा प्रवास असला, तर 'मी चालले बाई घरी' असं म्हणून उठून येण्याचीही सोय नाही.

आमच्या शिक्षकखोलीत अशा दोघीजणी आहेत. चार वर्षांपूर्वी हातात हात घालून सहलीला गेल्या आणि परत आल्या त्या वेगवेगळ्या डब्यांतून. आता डबा खायलाही दोन टोकांना बसतात. भांडण कशावरून झालं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. बहुधा पहाटेच्या गजरावरून.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर भूतानला जायचं ठरलं तेव्हा आनंदाइतकीच धास्तीही वाटली. बी. ए.च्या वर्गात एका बाकावर बसल्यापासूनची ही मैत्री. दोघींची सासरं साताऱ्यातच, त्यामुळे ती टिकली आणि वाढली. पण फिरण्याच्या बाबतीत आमची तऱ्हा म्हणजे एक पूर्व, एक पश्चिम. तिला पाच वाजता उठून, यादी हातात घेऊन, एकेक ठिकाण खोडत पुढे जायचं असतं. मला एकाच जागी दोन तास बसायचं असतं, चहा घेत, येणारी-जाणारी माणसं बघत. ती म्हणते, "बसायला साताऱ्यात जागा नाही का?" मी म्हणते, "पळायला सातारा पुरत नाही का?"

यावर मी पुष्कळ विचार केला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती दिवसभर नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली असते. सकाळी दहा ते रात्री नऊ. लग्न झालं तेव्हा वीस वर्षांची होती, आणि तेव्हापासून लग्नकार्य सोडलं तर गाव सोडून कुठे गेली नाही. तिच्या पायांना पळायचं असतं. माझं उलट. सकाळचा स्वयंपाक, मग शाळेत तासिका तत्त्वावरचे चार तास उभ्याने, परत आल्यावर सासूबाईंचा चहा, मुलांचा अभ्यास, पुन्हा ओटा. मला बूड टेकवायचं असतं. दोघींना घरी जे मिळत नाही तेच प्रवासात हवं आहे. हे कळल्यावर तिच्या यादीचा राग येईनासा झाला. अर्थात यादी काही लहान झाली नाही!

भूतानच का, असं 'आमच्या ह्यांनी'ही विचारलं. एक कारण खर्चाचं. दुसरं असं, की भारतीयांना तिथे जायला पासपोर्टच पाहिजे असं नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड मात्र चालत नाही, हे ध्यानात ठेवा. वेळेचा फरक अर्ध्याच तासाचा, त्यांचं घड्याळ आपल्या पुढे. त्यांच्या नुल्ट्रम या चलनाची किंमत आपल्या रुपयाइतकीच, त्यामुळे हिशेब करताना डोकं शिणत नाही.

ओळखपत्रावरून आठवलं. आपल्यापैकी कितीजणींच्या कार्डावर अजून माहेरचं नाव असतं आणि बाकी सगळ्या कागदांवर सासरचं! माझ्या मैत्रिणीचं तसंच निघालं. विमानाचं तिकीट, परवाना आणि कार्ड यांवर एकच नाव, एकाच स्पेलिंगचं हवं. मतदारयादीतल्या दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तेव्हा जायचं नुसतं मनात आलं तरी पहिल्या दिवशी कपाटातून ते कार्ड काढून वाचा. मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखलेही लागतात.

आता पैशांचं. मैत्रिणींमध्ये सगळ्यांत अवघड बोलणं हेच. नवऱ्याच्या पगाराबद्दल, सासूच्या स्वभावाबद्दल आपण मोकळेपणी बोलतो, पण 'मला एवढं परवडणार नाही' हे चार शब्द ओठांवर येत नाहीत. मग एकजण मन मारून खर्च करते आणि परत आल्यावर महिनाभर धुसफुसते. आम्ही एक युक्ती केली. दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आपापला आकडा लिहिला आणि एकदमच उघडल्या. तिच्या चिठ्ठीवर ८० हजार, माझ्या ४५. माझे ४५ म्हणजे तासिकांच्या मानधनातून पोस्टात दरमहा टाकलेल्या आवर्ती ठेवीचे. त्यातला एक रुपयाही घरखर्चातून आलेला नाही आणि घरखर्चातून मला तो घ्यायचाही नव्हता.

ती लगेच म्हणाली, "अगं, वरचे मी घालते. त्यात काय एवढं?" मनापासूनच म्हणाली. मी नको म्हटलं. तिला थोडं लागलं, हे मला दिसलं. पण एकदा तिच्या पैशांनी मी गेले, की मग 'मला आज बसायचंय' असं म्हणायचा हक्क माझ्याकडे उरत नाही. तिने कधी तोंडाने म्हटलं नसतं, मलाच वाटत राहिलं असतं. हे तिला सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितल्यावर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग ५५ मध्ये बसव, तुला गणित येतं." मुदत संपून ठेव हातात येईपर्यंत मी एक शिकवणी वाढवली, तिने तारांकित हॉटेलं सोडली. जाताना मुंबईहून बागडोगऱ्यापर्यंत विमान, येताना न्यू जलपायगुडीहून रेल्वे. रेल्वेला दोन दिवस जातात म्हणून तिची कुरकुर होती, पण परतीच्या वाटेवर बघायची ठिकाणं उरलेली नसतात, हे तिलाही पटलं. मुक्कामाच्या खोलीत काटकसर करायची, पण गरम पाणी आणि हीटर यांत नाही, कारण नोव्हेंबरात तिथल्या रात्री चांगल्याच गार असतात.

रोजचा चहा, जेवण, तिकिटं, गाडी यासाठी एक सामाईक बटवा. दोघींनी सारखी रक्कम घालायची, संपली की पुन्हा सारखी. बटवा तिच्याकडे, वही माझ्याकडे. खरेदी ज्याची त्याने आपल्या पर्समधून.

भूतान सरकार परदेशी पाहुण्यांकडून दर रात्रीमागे एक विकास शुल्क घेतं. करोनानंतर २३ सप्टेंबर २०२२ ला देश पुन्हा उघडला तेव्हापासून भारतीयांकडूनही ते घेतलं जातं, माणशी रात्रीला १२०० रुपये. (सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं.) गर्दी कमी राहावी, देश जपावा हा त्यामागचा विचार. मला तो आवडला. पण आमच्या वादात या १२०० रुपयांनी तेलच ओतलं. ती म्हणाली, "बघ, दर दिवसाचे पैसे मोजायचेत, मग बसून घालवायचे कसे?" मी म्हटलं, "इतके पैसे मोजून जायचं, आणि धावत सुटायचं कशाला?" आकडा एकच, पण दोघींना त्यातून उलट अर्थ सापडला. शेवटी पाच रात्री ठरल्या. म्हणजे माणशी ६००० रुपये शुल्काचे आधीच बाजूला ठेवले.

पाच रात्रींत काय बसतं? सरहद्दीवरचं आपलं जयगाव आणि पलीकडचं त्यांचं फुंटशोलिंग यांच्यामध्ये एक वेसच काय ती आहे. तिथून थिंफूपर्यंत घाटातून पाच-सहा तास. फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर, थिंफू २३०० मीटरच्या वर. एका दिवसात शरीराला एवढं चढवायचं, तर त्या दिवशी बाकी काही ठरवू नये. (मैत्रिणीच्या यादीत त्या संध्याकाळी तीन ठिकाणं होती. ती मी पेन्सिलीने नव्हे, पेनने खोडली.) थिंफूला दोन रात्री, पुनाख्याला एक, पारोला दोन. वाटेत दोचुला खिंड आहे, ३१०० मीटरवर, तिथे १०८ स्तूप आहेत आणि आकाश निवळ असेल तर हिमालयाची रांग दिसते. पुनाख्याचा झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र, १६३७-३८ मध्ये बांधलेला, फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर. त्या दोन नद्यांना तिथे नर आणि मादी मानतात. माहुलीच्या संगमावर वाढलेल्या बाईला हे ठिकाण चुकवून कसं चालेल? तिथे मला माझे दोन तास मिळणार आहेत, लेखी.

प्रत्येकीने एकेक गोष्ट सोडली. तिने हा बाजूची चेले ला खिंड सोडली. मी फोबजिखाचं खोरं सोडलं. हिवाळ्यात तिथे काळ्या मानेचे क्रौंच तिबेटातून उतरतात. ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सवही असतो. ते सोडताना माझ्या जिवाला चटका लागला, खोटं कशाला सांगू. पण त्यासाठी आणखी दोन रात्री हव्या होत्या.

खरा पेच होता तक्त्सांगचा. पारोजवळ कड्याला चिकटलेला तो मठ तुम्ही चित्रांत पाहिला असेल. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून तिथे आले अशी श्रद्धा आहे. मंदिर १६९२ मधलं. १९९८ मध्ये ते आगीत जळालं आणि पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. उंची ३१२० मीटर, जाऊन-येऊन पाच-सहा तासांची चढउतर, शेवटी शेकडो पायऱ्या उतरून, धबधब्याजवळचा पूल ओलांडून पुन्हा चढायचं. घोडे मिळतात, पण अर्ध्या वाटेपर्यंतच, आणि उतरताना नाहीत. आत मोबाइल नेता येत नाही, तो दाराशी ठेवावा लागतो. आमच्या बाईंना हे कळल्यावर क्षणभर चेहरा पडला!

ती म्हणाली, दुसऱ्याच दिवशी करून टाकू. मी म्हटलं, शेवटी. शरीराला चार दिवस उंचीची सवय झाल्यावरच असा चढ करावा, आणि रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. ते तिने मानलं. दर रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायचंही ठरलं. ती भराभर पुढे जाते, मी मागून. तीन रविवारांनंतर मी तिला स्पष्ट सांगितलं, की मी अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत येईन. तिथून मठ समोर दिसतो. मी तिथे बसेन, तू वाटाड्याबरोबर वर जा. तिला ते पटेना. तिच्या सासूबाईंनी तर 'दोघींनी एकमेकींना सोडायचं नाही' या अटीवरच परवानगी दिलेली. तेव्हा आम्ही ठरवलं, की वेगळं व्हायचं ते वेळ आणि जागा सांगूनच, आणि दोघींपैकी एकीजवळ वाटाड्या असलाच पाहिजे. आपली सिमकार्डं तिथे भरवशाची नाहीत, म्हणून फुंटशोलिंगलाच तिथली दोन घ्यायची. आणि घड्याळं तिथेच अर्धा तास पुढे करायची, नाही तर 'तीनला भेटू' म्हणजे कुणाचे तीन?

हे सगळं कागदावर ठीक. प्रत्यक्ष बघावं म्हणून मे महिन्यात दोन रात्री गणपतीपुळ्याला जाऊन आलो. अशी रंगीत तालीम जरूर करा. कागदावर न येणाऱ्या गोष्टी तिथेच कळतात. मला पंखा लागतो, तिला आवाज सहन होत नाही. ती पाचला उठून दिवा लावते. मी घोरते, हे मला लग्नाच्या चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं! सकाळी दहापर्यंत तिचा जयगड किल्ला झाला होता. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात मी बसले, मराठी शिकवणाऱ्या बाईने तिथे घाई करायची तरी कशी? तर ती बाहेर गाडीचं दार उघडून उभी, रत्नागिरीचा थिबा राजवाडा बंद होईल म्हणून. दुपारी दोघींची तोंडं दोन दिशांना. संध्याकाळी वाळूत बसल्यावर तीच म्हणाली, "उद्या सकाळ माझी, दुपार तुझी." दुसऱ्या दिवशी ती सातला एकटीच जाऊन दोन देवळं करून आली, मी निवांत चहा घेतला, आणि दुपारी ती माझ्याबरोबर समुद्राकडे बघत बसली. चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

भूतानच्या वेळापत्रकातही आता तसंच आहे, सकाळ तिची, दुपार माझी. कपड्यांचं सोपं. झोंगमध्ये अंगभर कपडे हवेत, डोक्यावर टोपी चालत नाही. साडी शहरात उत्तम, तक्त्सांगला मात्र सलवार-कमीज आणि पकड असलेले बूट, तेही महिनाभर वापरून पायांना बसलेले.

जेवणाचं मात्र उलटंच निघालं. इतकी धावणारी बाई, पण तिला परमुलखातही वरणभातच पाहिजे. मला तिथला लाल भात खायचा आहे, मिरच्या आणि चीज यांची एमा दात्शी खायची आहे, लोण्याचा खारट चहा चाखायचा आहे. शाकाहारी पदार्थ तिथे पुष्कळ मिळतात, असं सांगूनही तिने दशम्या, लाडू, चिवडा, मेतकूट यांची यादी केली आहे. मी एक अट घातली. डबा तिच्या बॅगेत, वजनही तिच्या वाटणीचं.

दुरुस्त झालेलं कार्ड गेल्या आठवड्यात तिच्या हातात पडलं आणि आम्ही त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटं काढली. रेल्वेचीही झाली, दोन बर्थ, एक खालचा आणि एक वरचा. खालच्यावर कोण झोपणार यावर काल रात्री फोनवर पाऊण तास बोलणं झालं. अजून काही ठरलेलं नाही.